बरोबरीत सुटलेलं वर्ष

मे महिना लागला की आमच्या सांगलीच्या घरात इंग्लंडच्या फुटबॉलचा मोसम संपायला येतो. हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू येतं. बाहेर अंगण तापलेलं असतं, माठात वाळा पडलेला असतो, समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी सांडगे वाळत असतात, आणि आत खिडक्या लावून माझ्या दादाचा नातू अभिजित केबलवर कुठल्याशा परक्या गावच्या संघासाठी जीव टांगून बसलेला असतो. कॉलेजची परीक्षा तोंडावर आलेली असते, तिची त्याला एवढी काळजी नसते.

परवा सामना संपला आणि कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला. एक साठीचा गोरा माणूस गळ्यातल्या मफलरमध्ये तोंड खुपसून बसला होता. "खाली गेले," अभिजित म्हणाला. "आत्याआजी, तळाला राहिले ना, की पुढच्या वर्षी खालच्या वर्गात खेळावं लागतं."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं काही नाही. शाळेत जन्मभर मराठी शिकवलेल्या म्हाताऱ्या बाईला हे ठाऊक कसं, हा प्रश्न त्याला पडला असणार. मी मात्र त्या मफलरवाल्याकडेच पाहत होते. लाज वाटली की माणसं तोंड लपवतात. मी हात लपवायचे.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी सतरा-अठराची असेन. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि गौरी-गणपती होताच मी माहेरी आले होते. आले होते म्हणायचं, खरं तर आणून सोडली होती. सासर विट्याकडचं. नवरा चुलत्याच्या हाताखाली दूर मद्रासकडे सोन्याच्या गलाईच्या दुकानावर. त्याचा चेहरा मला नीट आठवायचाही नाही. घरात सासू, दोन जावा आणि मामंजी. मामंजींनी उमेदीत स्वतः सोनं गाळलेलं. कुठलीही वस्तू हातात घेतली की ते ती उजेडाकडे धरून बघायचे, मग ती वांगी का असेनात.

गौरीच्या आधी बांगडीवाला आला. आम्ही सगळ्या सोप्यात बसलो. त्यानं माझा हात हातात घेतला, बोटं दाबून बांगडी चढवायला लागला, आणि तेवढ्यात पोलक्याची बाही वर सरकली. कोपराच्या वर चवलीच्या नाण्याएवढा पांढरा डाग होता. मला तो ठाऊक होता. आईला ठाऊक होता. पाच-सहा महिन्यांपूर्वीच उठला होता, जाईल म्हणून आम्ही गप्प होतो. बांगडीवाला भला माणूस होता, त्यानं बाही खाली ओढली. पण थोरल्या जावेनं पाहिलं होतं. तिनं आपला पुढे केलेला हात मागे घेतला आणि म्हणाली, "माझं ऱ्हाऊ दे. म्होरल्या खेपंला भरीन." तिचा तो मागे गेलेला हात मला अजून दिसतो. त्यानंतर मी आयुष्यात कितीतरी वाईट पाहिलं, पण अंगावर काटा येतो तो त्या हातानंच.

आमचं माहेर कृष्णाकाठचं. ऊस, गुऱ्हाळ, आणि घराघरात एक तरी पलटणीतला माणूस. आमच्या घरातला तो दादा. वडील गेल्यावर त्यानंच मला वाढवलं होतं. इटलीच्या लढाईत पायात लोखंडाचा तुकडा घेऊन हवालदार होऊन परत आला होता. लंगडायचा, पण ताठ चालायचा. इटलीतल्या इस्पितळाच्या व्हरांड्यात तो उन्हाला बसायचा, तेव्हा शेजारी नाईकाच्या हुद्द्याचा एक गोरा शिपाई बसायचा. लढाईच्या आधी तो आपल्या गावच्या फुटबॉल संघातून पगारी खेळायचा. त्याचा पाय गुडघ्यातून काढला होता. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, तरी त्यानं दादाला सगळा खेळ समजावला, जिंकलं तर काय, हरलं तर काय, वर्षाच्या शेवटी तळाच्या दोघांचं काय होतं. निघताना म्हणाला, आता खेळ पुन्हा सुरू होईल, माझ्या संघाकडे लक्ष ठेव. असं कुणीही म्हणतं. आपणही पाहुण्याला निघताना काहीबाही म्हणतो. दादानं मात्र ते हुकमासारखं घेतलं.

त्या गावाचं नाव मी सांगत नाही. कोळशाचं गाव होतं, एवढं पुरे.

दर सोमवारी दादा सायकल काढून स्टेशनवर जायचा. पुण्याकडून मिरजेला जाणाऱ्या गाडीतून स्टेशनमास्तरांचं मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र यायचं. ते चाळून दादा परत यायचा तो थेट तालमीच्या पायरीवर. आमच्या परसाची आणि तालमीची भिंत एकच होती. मी भांडी घासायला परसात बसायचे, आणि पलीकडचं सगळं मला ऐकू यायचं. त्या वर्षी मला बाहेर जायची सोय नव्हती, तेव्हा जगाची खबर मला त्या भिंतीतूनच मिळायची.

गाव आधी चेष्टा करायचं. आमच्याकडे बेचाळीसच्या धामधुमीत पोलिसांना चकवणाऱ्या पोरांना घरोघर भाकरी गेलेली. "विंग्रज बिस्तरा बांधाया लागला, आन ह्यो गडी त्येच्या चेंडूची काळजी करतोय," असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे. दादा ओशाळून हसायचा. त्याची पदकं ट्रंकेच्या तळाला होती, ती त्यानं गावात कधी लावली नाहीत. पण माणसांना सोमवारची सवय लागली. कुस्तीच्या मैदानांना अजून अवकाश होता, आणि कुणाच्या तरी हारजितीशिवाय आमच्या लोकांना करमत नाही.

"आज काय झालं रं?" बाबूलाल वस्ताद विचारायचे. ते जातीनं पिंजारी, दिवसा गाद्या-रजया भरायचे, आणि संध्याकाळी गावच्या पोरांना डाव शिकवायचे.

"सुटली," दादा म्हणायचा.

"बरोबरीत?"

"व्हय."

"ब्येस झालं."

आता इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडे दोन तोलाच्या पैलवानांची कुस्ती तास-दीड तास चालली, कुणी कुणाला चीत करीना, की पंच मध्ये पडून ती बरोबरीत सोडवतात. दोघांची अब्रू राहते. दोघांना फेटे बांधतात, दोघांपुढे हलगी वाजते, दोघांचं गाव खुश. सुटलेली कुस्ती म्हणजे मानाची कुस्ती. त्यामुळे दादाच्या संघाचा सामना सुटला की सगळी तालीम खुश व्हायची, आणि तो संघ तर उठता बसता सुटायचा. तिकडे हिशेब वेगळा होता. जिंकणाऱ्याला दोन गुण मिळत, सुटलेल्याला एकच, आणि एकेक करत दुसरे संघ पुढे सरकत. दादाला हे ठाऊक होतं. पण सगळे पाठ थोपटत असताना सांगणार कसं? पहिल्या सोमवारी राहिलं, दुसऱ्या सोमवारी राहिलं, आणि मग सांगायची वेळच निघून गेली.

मला वाटतं, हळूहळू त्याचं त्यालाही ते खरं वाटायला लागलं असावं. कारण माझ्या बाबतीतही तो तेच करत होता. आई रोज म्हणायची, "आरं, इट्याला जाऊन एकदा इचार तरी. न्हेणार हाईत का न्हाई?" आणि दादा म्हणायचा, "आपून इचारायचं न्हाई. इचारलं की निकाल लागतो. चाललंय तसं चालू दे." मी सासरची नव्हते आणि माहेरचीही नव्हते. गळ्यात मंगळसूत्र होतं, ट्रंक बांधलेली होती, आणि मी परसात भांडी घासत होते. कुणी विचारलं तर आई सांगायची, पोरीची तब्येत बरी नाही, हवापालटाला आलीय. कृष्णाकाठी हवापालटाला कोण येतं ते देव जाणे.

लाजेबद्दल लोक फार खोटं लिहितात. ती एकदा वाटते आणि मग माणूस सावरतो, असं काहीतरी. तसं नसतं. लाज रोज सकाळी नव्यानं लागते. उठल्यावर दोन क्षण आपण विसरलेले असतो, मग बाही खाली ओढतो, आणि ती परत येते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आई म्हणाली, "तू आत बस. डोकं दुखतंय म्हन." मी आत बसले. बायका आल्या, कैरीची डाळ खाल्ली, पन्हं प्याल्या. एक म्हातारी मुद्दाम आत आली आणि मला कुंकू लावलं, पण तिचं बोट माझ्या कपाळाला टेकलं न टेकलं असं होतं. ती गेल्यावर माझं डोकं खरोखरच दुखायला लागलं. आई माझ्यावर माया करायची, हे मी शपथेवर सांगेन. पण तिला माझी लाज वाटत होती, आणि मला तिच्या लाजेची लाज वाटत होती.

त्याआधी थंडीत दादा मला मिरजेला घेऊन गेला. तिथे तेव्हाही दवाखाने पुष्कळ. तंबोरे करणाऱ्यांच्या आळीतून जाताना दारादारात भोपळे वाळत टांगलेले होते, आणि एक माणूस तारा जुळवत बसला होता. तेवढ्या पाच मिनिटांत मी बाही ओढायची विसरले. डॉक्टरांनी हात पाहिला, सुईनं टोचलं, दुखतं का विचारलं. मग दादाला सांगितलं की हे कोड आहे, महारोग नव्हे. ह्यानं काही होत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही, औषध खात्रीचं नाही. आहे एवढंच राहील, नाहीतर पसरेल.

"मग निकाल काय म्हणायचा, साहेब?" दादानं विचारलं.

"निकाल काही नाही," डॉक्टर म्हणाले.

दादाला ते फार आवडलं. परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनवर त्यानं एका प्रवाशाकडून वर्तमानपत्र मागून घेतलं, आणि वाचता वाचता त्याचा चेहरा खुलला. इंग्लंडात बर्फ पडलं होतं, मैदानं गोठली होती, सामने पुढे ढकलले होते. "येसे," तो म्हणाला, "खेळच न्हाई, तर हार कुठली?" मीही हसले. त्या वर्षात आम्ही दोघं एकत्र हसलो ते बहुधा तेवढंच.

तालमीत ह्या बर्फाची मोठी चर्चा झाली. मैदान घट्ट झालं म्हणून खेळ थांबवतात हे कुणाला पटेना. "आरं, कुदळ मारावी की," वस्ताद म्हणाले. "माती उकरावी, ताक-त्याल वतावं, हळद टाकावी. आपल्या आखाड्याच्या हौदाची माती बी घट्ट हुतीच की." सगळ्यांना वाईट वाटलं की एवढं मोठं राज्य चालवणाऱ्या लोकांना साधी माती राखता येत नाही. भिंतीच्या अलीकडे मी ऐकत होते, आणि मला मात्र ते बर्फ हवंहवंसं वाटत होतं. पडत राहू दे, मैदानं दिसेनाशी होऊ देत, दादाचा संघ आणि मी आहोत तिथे राहू देत. निकाल नको होता तो फक्त दादाला नव्हे.

एरवी मेपर्यंत संपणारा खेळ त्या वर्षी ढकलला ढकलला गेला आणि जूनात येऊन पोचला. आमच्याकडे ज्येष्ठ लागला होता, रानं नांगरून पडली होती. त्या सोमवारी दादा स्टेशनवरून आला, तालमीपाशी सायकलवरून न उतरताच म्हणाला, "सुटली," आणि घरी आला. जेवला नाही. मी गोठ्यात वैरण टाकत होते, तिथे येऊन उभा राहिला.

"येसे, बुडालं," तो म्हणाला.

"सुटली म्हणालास की."

"सुटलीच. सुटून सुटूनच बुडालं. हरलं कमीच गं. पर जितलं बी न्हाई. आता खालच्या वर्गात." तो गव्हाणीच्या दगडावर बसला. "तालमीत कसं सांगू?"

‘सुटून सुटूनच बुडालं’ हे वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. हातातली वैरण खाली टाकायचीही मला आठवण राहिली नाही.

आणि तासाभरानं दारात हलगी वाजली. शेवटची कुस्तीही बरोबरीत सुटली, वर्ष मानानं पार पडलं, असं समजून तालीमच्या तालीम आमच्या अंगणात आली होती. वस्तादांच्या हातात केशरी फेटा होता. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं तोंड उघडलं, पण हलगीत कोण ऐकतो. वस्तादांनी त्याला पुढ्यात घेतलं आणि ऐटीत फेटा बांधला. मी दाराआडून पाहत होते. बुडालेल्या संघाचा फेटा डोक्यावर घेऊन माझा दादा मान खाली घालून उभा होता, आणि लोकांना वाटत होतं की तो विनयानं उभा आहे.

नेमकी तेव्हाच बैलगाडी येऊन थांबली. मामंजी उतरले, बरोबर त्यांच्या गावचा एक कारभारी. हलगी थांबली. पाहुणे आलेले बघून माणसं अंगणातच बाजूला बसली. दादानं त्यांना सोप्यात घोंगडं टाकून बसवलं. फेटा काढायचंही त्याला सुचलं नाही. आई मधल्या दाराआड, मी तिच्या मागे.

मामंजींनी पाणी घेतलं नाही. तांब्याकडे बघितलं मात्र. म्हणाले, "मळ्यात खोली बांधलीया. तिथं ऱ्हाईल ती. चुलीला शिवायचं न्हाई, देवाला शिवायचं न्हाई. पोरगा गावाकडं आला तरी तिनं मळ्यातच ऱ्हायाचं. पर आमचं नाव लावंल. टाकली असं कुणी म्हनाया नगो. तुमची बी अब्रू ऱ्हाईल, आमची बी."

आईनं सुटकेचा श्वास सोडला. तो मी माझ्या कानानं ऐकला. आणि दादा म्हणाला, "लय उपकार झालं, पाव्हणं." म्हणाला, आणि डोक्यावरचा फेटा काढून त्यानं मामंजींच्या पायांवर ठेवला. वाकला तसा राहिला. लढाईतून ताठ मानेनं परत आलेला माझा दादा. आजवर मला वाटलेल्या साऱ्या लाजा एकीकडे आणि ते वाकलेलं डोकं एकीकडे. त्याची लाज वाटली, त्याला असं वाकवणाऱ्या माझ्या हाताची वाटली, आणि मळ्यातल्या त्या खोलीबद्दल ह्या घरात कुणाला काहीच वाटलं नाही ह्याची सर्वांत जास्त वाटली.

मी आईला बाजूला करून सोप्यात आले. पुरुषांत बोलायची रीत नव्हती. आवाज माझाच होता, पण मला तो ओळखू आला नाही.

"दादा, मला हरू दे," मी म्हणाले. "हे असलं बरोबरीत सोडवू नगंस."

मामंजी कारभाऱ्याकडे बघून म्हणाले, "आता पोरी बोलत्यात व्हय तुमच्यात?"

"येसे, आत जा," दादा खालूनच म्हणाला.

मी गेले नाही. मग दादानं मामंजींच्या पायांवरचा फेटा हळूच उचलला. डोक्याला बांधला नाही, काखेत धरला. गुडघ्यावर हात देऊन, दुखऱ्या पायानं कसाबसा उठला.

"तिची मर्जी न्हाई, पाव्हणं," तो म्हणाला. "आमी हरलो म्हना."

गाडी गेली. अंगणात माणसं तशीच बसून होती. "पाव्हणं न जेवता निघालं?" वस्तादांनी विचारलं. दादा पायरीवर आला. त्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मग वर्षभर साठवलेलं एका दमात सांगून टाकलं, की ती सुटलेली कुस्ती मानाची नव्हे, तिकडे सुटून सुटून माणूस बुडतो, संघ खालच्या वर्गात गेला. आणि येसूचं सासर तुटलं. तिच्या हाताला कोड आहे म्हणून.

तो शब्द आमच्या घरात तोवर कुणी उच्चारला नव्हता. मी दारात उभी होते. एवढ्या पुरुषांनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि एकदम मान खाली घातली. आई आत रडत होती. मला वाटलं, आता पाठ फिरवावी आणि पुन्हा कुणालाही तोंड दाखवू नये. पुढे सगळं झालं, ट्रेनिंग कॉलेज झालं, नोकरी झाली, डाग पसरत पसरत सगळं अंग व्यापून गेला, पोरं मला मागून गोरी मडम म्हणायची. पण त्या दारातल्या लाजेएवढी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही, आणि ती पुरती गेली असंही मी म्हणणार नाही.

वस्ताद उठून माझ्यापाशी आले. वर्षभर दर सोमवारी त्यांनी त्या कोळशाच्या गावची विचारपूस केली होती. सगळ्या गावानं केली होती. मला कुणी काही विचारलं नव्हतं, आईनं नाही, दादानं नाही, डॉक्टरांनीही दुखतं का एवढंच.

"पोरी," ते म्हणाले, "आता तुझ्या मनात काय हाय?"

आपल्या मनात आपलं असं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

"म्हाईत न्हाई," मी म्हणाले. "सांगते."